मागच्या डाव्या चाकाला लावलेली नळी

मामा,

मागच्या डाव्या चाकाच्या जागी तुम्ही लावलेली नळी कालपर्यंत तशीच होती. तिचं एक टोक ब्रेकच्या स्क्रूवर, दुसरं पाण्याच्या रिकाम्या बाटलीत. बाटलीत बोटभर काळपट ऑइल, आणि ती पडू नये म्हणून तुम्ही टेकवलेली अर्धी वीट. काढलेलं चाक भिंतीशी उभं होतं. त्याचे नट तुमच्या सवयीप्रमाणं स्टीलच्या वाटीत. ती वाटी स्वयंपाकघरातली आहे, हे मामींना अजून कळलेलं नाही.

तुम्हाला जाऊन सव्वा महिना झाला. तेराव्याला आलेल्या पाहुण्यांनी चहाचे कप गाडीच्या बॉनेटवर ठेवले होते. मी बघत उभी राहिले. तुम्ही असता तर लांबूनच ओरडला असतात, "ओ पावणं, टेबल हाय का त्ये?" मला तेवढंही जमलं नाही. सगळे उठून गेल्यावर मी कपांचे गोल डाग फडक्यानं पुसले, इतकंच.

त्याच दुपारी मामींनी मला गॅरेजच्या मागच्या खोलीत गाठलं. त्यांच्या हातात तुमचा चष्मा होता. म्हणाल्या, "तू आन् ते, दोघं सारकं त्या गाडीत डोकं घालून बसायचात. खरं सांग. तुला काय बोलले व्हते का? छातीत दुखतंय, जीव घाबरा व्हतोय, आसलं काय?"

मी म्हणाले, "नाही मामी."

एसटीत 'उतरायचंय' म्हणायचं तर मी दोन थांबे आधीपासून मनात तयारी करते. हे 'नाही' मात्र लगेच आलं. तुम्ही शिकवलं होतं तसंच आलं, असं म्हणून मी थोडं तुमच्यावर ढकलू बघते. पण ते पूर्ण ढकललं जात नाही.

आई मला धाराशिवहून दर रविवारी येरमाळ्याला पाठवायची ती मी जरा माणसांत यावं म्हणून. तिला वाटायचं मामी आहेत, शेजारपाजार आहे, देवीला येणारी-जाणारी माणसं आहेत. मी यायची आणि हायवेकडेच्या तुमच्या गॅरेजात एका उलट्या कॅनवर पुस्तक घेऊन बसायची. पहिल्यांदा तुम्ही पिकअपच्या खालून डोकं बाहेर काढून म्हणालात, "इंग्लिश शाळंत घातली आन् पोरगी मुकी झाली. का गं, इंग्लिशमधी तरी बोलती का, का तितं बी गप्पच?"

मी म्हणाले, "तिथंही गप्पच."

तुम्ही इतके हसलात की पाना हातातून सुटला आणि तुमच्याच कपाळावर पडला.

मग ते पुण्याचं जोडपं आलं. घाटात त्यांची गाडी गरम होऊन बंद पडली होती. तुम्ही रेडिएटरची फुटलेली नळी बदलत होतात तेव्हा तो माणूस सांगत होता की पुण्याच्या पलीकडं एक ट्रॅक आहे, तिथं आपली रोजची गाडी घेऊन कुणीही जाऊ शकतं. शर्यत नाही, नंबर नाही. डोक्यावर हेल्मेट घालायचं आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी तिच्या मनासारखी पळवायची. ते गेल्यावर तुम्ही बराच वेळ हात पुसत उभे होतात. म्हणालात, "तीस वर्सं झाली गाड्या नीट करतोय. एक बी गाडी जशी पळायला पायजे तशी पळलेली बघितली न्हाय. खड्डा न्हाय तर ट्रॅक्टर, ट्रॅक्टर न्हाय तर शेळ्या."

तुमच्या जुन्या लाल गाडीचं काम त्या रविवारी सुरू झालं. मला वाटलं तुम्ही इंजिनापासून सुरुवात कराल. तुम्ही सरळ चाकाशी बसलात. "पळायचं काय, कुनी बी पळतंय. थांबता आलं पायजे."

वाचायचं काम माझ्याकडं आलं. इंग्रजीत लिहिलेलं वाचून मराठीत सांगायचं. माझ्या शाळेचा कुणाला तरी उपयोग झाला तो पहिल्यांदाच. मी फोनवर वाचून सांगितलं की ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, जुनं झालं की तापल्यावर उकळतं, आणि मग पेडल दाबलं तरी ते नुसतं खाली जातं, गाडी थांबत नाही. म्हणून चाकामागच्या मोठ्या ब्रेक-डिस्क घेण्याच्या आधी ऑइल बदला, जास्त उष्णता सोसणारं घाला.

"ऑइल उकळतंय व्हय?" तुम्ही म्हणालात. "चहा हाय का त्यो?"

पुढच्या रविवारी मात्र तुम्ही गॅरेजात आलेल्या प्रत्येकाला सांगत होतात, "आदी ऑइल. बाकी सगळं मागनं." आणि हे वाक्य तुमचंच आहे म्हणून शेवटपर्यंत भांडत राहिलात. ते माझं होतं, मामा. मी वाचलं होतं, मी सांगितलं होतं. आता भांडायला तुम्ही नाही, तर जाऊ द्या. तुमचं.

डिस्कवरून मात्र मी हरले ते बरं झालं. मला फोटोतल्या भोकं पाडलेल्या डिस्क हव्या होत्या, छान दिसायच्या. तुम्ही म्हणालात, "दिसायला ग्वाड. पर तडा त्या भोकापासनंच जातोय." मग तुम्ही सोलापूरच्या भंगारातून त्याच गाडीच्या मोठ्या इंजिनवाल्या मॉडेलचे पुढचे कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्हीकडून धरणारे चिमटे, आणलेत, रबरं बदललीत, आणि त्यांच्या मापाच्या साध्या, जाड, नव्या डिस्क बसवल्यात. कॅलिपरमध्ये बसून डिस्क दाबून धरणाऱ्या पॅडचे दोन जोड घेतले. एक रस्त्यासाठी, एक ट्रॅकसाठी. मी म्हणत होते की दोन्हीकडं चालेल असा एकच मधला घेऊ, सारखं उघडझाक कशाला. तुम्ही म्हणालात, "ट्रॅकचं पॅड तापल्याबिगर धरत न्हाय. सकाळी गार गाडी काढली आन् म्होरं शेळी आली, तर तिला म्हणू का, थांब बाई, पॅड तापू दे?"

आणि मग हवा काढायची. ऑइल बदललं, कॅलिपर बदलले, म्हणजे नळ्यांत हवा शिरलेली असणार. ती काढायला माणसं दोन लागतात. एकानं गाडीत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाशी स्क्रू सैल करून हवा बाहेर सोडायची, स्क्रू बंद करायचा, मगच पेडल सोडायचं. आधी सोडलं तर हवा परत आत.

तुम्ही खालून म्हणालात, "दाब." मी दाबलं. "धर." मी धरलं. तुम्ही थांबलात. मग ओरडलात, "अगं धरलंय का? मला काय दिसतंय का हितनं?"

"हो," मी म्हणाले.

"गाडीत बसून सवताशी बोलतीस का? मला आयकू आलं पायजे. धरलंय म्हण!"

"धरलंय."

"मोठ्यानं!"

"धरलंय!"

पलीकडच्या चहाच्या टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. चारही चाकांची हवा निघेपर्यंत मी बहुतेक पन्नासेक वेळा ओरडले असेन. शाळेच्या पंधरा वर्षांत मी सगळं मिळून तेवढं बोलले नसेन. घरी जाताना एसटीत माझा घसा बसला होता, आणि मला खूप बरं वाटत होतं. हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

आता ती पाण्याची गोष्ट.

नवी डिस्क आणि नवे पॅड एकमेकांवर बसवावे लागतात. गाडी ऐंशीच्या वेगापर्यंत न्यायची, ब्रेक दाबून वीसवर आणायची, पूर्ण थांबवायची नाही, पुन्हा ऐंशी. आठ-दहा वेळा. तुम्ही म्हणालात, "सोयरीक जुळवायचीय, भांडान न्हाय लावायचं." त्यानंतर ब्रेकला हात, म्हणजे पाय, न लावता दहा-बारा किलोमीटर चालवत राहायची, म्हणजे सगळं सावकाश निवतं. सकाळी रस्ता मोकळा होता. आपण ते सगळं नीट केलं. करपल्यासारखा वास आला, तोही मी आधी वाचलेला. निवायला अजून पाच-सात किलोमीटर जायचं होतं, आणि परतीच्या वाटेवर गॅरेजसमोर मामी ताट घेऊन उभ्या दिसल्या. ताटात भाकरीचा तुकडा, हळदकुंकू, आणि हातात पाण्याचा तांब्या. गाडीचं एवढं मोठं काम झालंय, पहिल्यांदा बाहेर पडून आलीय, तर तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळायचा आणि चाकांवर पाणी घालायचं. बैलांच्या पायांवर घालतात तसं.

ओवाळायला उभ्या राहिलेल्या बाईसमोरून गाडी पुढं काढणं तुम्हाला जमण्यासारखं नव्हतं. तुम्ही वळवलीत.

मी दार उघडून उतरले. तांब्या दिसत होता. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं की ती वाकडी होते, तडकतेसुद्धा, हे मी त्याच आठवड्यात वाचलेलं होतं. 'मामी, थांबा' हे दोनच शब्द. मी ते तोंडात घेऊन उभी राहिले. तुम्ही तिकडून उतरून येईपर्यंत पुढच्या दोन्ही चाकांवर पाणी पडलेलं होतं. केवढी वाफ आली!

"बगा, कसं तहानलं व्हतं!" मामी हसत म्हणाल्या.

तुम्हीही हसलात. दुसऱ्या दिवशीपासून ब्रेक दाबला की पेडल पायाखाली थरथरायला लागलं. तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणालात, "मामीला सांगायचं न्हाय हां. लई मनाला लावून घेती. पुन्यांदा कुटल्या गाडीवर पानी घालायची न्हाय ती." मामींना तुम्ही सांगितलंत की दुकानदारानं माप चुकवलं, म्हणून डिस्क बदलाव्या लागतायत. मी शेजारी उभी राहून मान हलवली. आपलं ते पहिलं गुपित. मला त्याचा किती अभिमान वाटला होता!

ट्रॅकवर गेलो त्या दिवशी मामींनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. तिथल्या चकचकीत गाड्यांच्या ओळीत आपली लाल गाडी म्हणजे इंग्लिश शाळेत पहिल्या दिवशी मी. तुम्हाला त्याचं काहीच नव्हतं. तुम्ही जॅक लावून, मांडी घालून पॅड बदलायला बसलात. पंधरा मिनिटांत दोन्ही चाकं झाली तेव्हा आजूबाजूला सात-आठ माणसं बघत उभी होती. एकानं विचारलं, "काका, कुठून आलात?" तुम्ही म्हणालात, "येरमाळ्याहून. देवीला या की एकदा."

पहिल्या फेऱ्यांना मी शेजारी बसले होते. सरळ रस्ता संपत आला, वळण अंगावर यायला लागलं, तरी तुम्ही दाबत नव्हतात. मी डोळे मिटायच्या बेतात होते. मग तुम्ही दाबलंत. पट्टा खांद्यात रुतला, गाडीनं नाक खाली घातलं, आणि ती अशी वेग टाकत गेली की त्यात भांडण नव्हतं, ओढाताण नव्हती. तुम्ही नुसतं "हां" म्हणालात. तुमचा चेहरा हेल्मेटमुळं दिसत नव्हता. तो "हां" मी कितीदा आठवते.

आपल्या पुढच्या एका भारी गाडीच्या चाकांतून धूर आला आणि ती वळणावर न वळता सरळ वाळूत गेली. त्या माणसाला काही झालं नाही. पेडल खाली गेलं म्हणाला. तुम्ही माझ्या खांद्यावर थाप मारलीत, "ऑइल! म्या म्हणलं नव्हतं का, आदी ऑइल!"

तिसऱ्या वेळेला मी उतरून बाहेर थांबले होते. शेवटची फेरी तुम्ही ब्रेक न दाबता सावकाश मारलीत, गाडी निवावी म्हणून. आलात, तापलेले ब्रेक चिकटू नयेत म्हणून हँडब्रेक न लावता चाकाखाली दगड ठेवलात. सगळं बरोबर. मग टायरांच्या चवडीवर बसलात. हेल्मेट मांडीवर. घाम असा येत होता की मला वाटलं डोक्यावर पाणी घेतलंय. डावा हात तुम्ही कोपरापासून वर चोळत होतात, मग जबडा, मग परत हात.

"काय होतंय मामा?"

"काय न्हाय. ते हेल्मेट लई आवळ हाय. आन् स्टेरिंग जड."

पन्नास पावलांवर अँब्युलन्स उभी होती. तिच्या दारात बसून एक माणूस पोहे खात होता. मी फोन काढला. डावा हात, जबडा, घाम, असं इंग्रजीत टाकलं. पहिल्याच ओळीत उत्तर होतं. मी ते वाचलं. मामा, तुमच्या ब्रेकच्या प्रत्येक स्क्रूबद्दल वाचलेलं मी तुम्हाला मराठीत करून सांगत होते. हे एवढंच वाचलेलं मी तुम्हाला सांगितलं नाही. मी नुसतं म्हणाले, "दवाखान्यात जाऊ या का?"

"जाऊ की. सोमवारी जातो." तुम्ही उठून उभे राहिलात. "मामीला सांगायचं न्हाय."

मी मान हलवली. तो माणूस पोहे खात होता. मी त्याच्याकडं गेले नाही.

येताना तुम्ही गाणी म्हणत गाडी चालवलीत. सोमवारी मी मेसेज केला, 'गेलात का?' तुम्ही अंगठा पाठवलात. मी तो अंगठा 'हो' म्हणून घेतला, कारण मला तसंच घ्यायचं होतं.

त्यानंतर तिसऱ्या शनिवारी तुमचा फोन. "उद्या ये. ट्रॅकवर ऑइल लई तापलंय, बदलून हवा काढायचीय." माझी क्लासची टेस्ट होती. मी म्हणाले, "पुढच्या रविवारी येते." तुम्ही म्हणालात, "बरं. तवर बगतो एकट्यानं जमतंय का." एकट्यानं करायची एक पद्धत आहे, नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवून. तीही मीच वाचून दाखवली होती. तुमचा तिच्यावर विश्वास नव्हता. बुधवारी सकाळी मामी चहा घेऊन आल्या तेव्हा तुम्ही त्या चाकाशी भिंतीला पाठ लावून बसला होतात. हातात पाना होता.

काल रविवार होता. मामी म्हणाल्या, "ती गाडी तेवढी हालती कर. एक पाय उचलून उभारल्यावानी बघवत न्हाय."

मी म्हणाले, "दोन माणसं लागतात."

"मग म्या काय हाय?"

त्या पदर खोचून तुमच्या सीटवर बसल्या. पहिल्यांदाच. "कुटल्यावर पाय ठिवू?"

"मधल्या. दाबा. धरा."

आतून काहीच आवाज नाही. मी स्क्रू सैल केला, आणि त्यांनी तेवढ्यात पाय काढला. हवा परत आत. मी ओरडले, "मामी, आवाज द्यायचा! धरलंय म्हणायचं!"

मामी खिडकीतून वाकून बघायला लागल्या. "तू कवापासनं वरडाय शिकलीस गं?"

"मामांनी शिकवलं."

त्या परत आत वळल्या. मी म्हणाले, "दाबा. धरा." आतून आलं, "धरलंय." डाव्या चाकाच्या नळीतून बुडबुडे आले, मग कमी झाले, मग नुसतं स्वच्छ ऑइल. नळी तुम्ही लावलेली तिथून मी काढली. फडक्यानं पुसली. ती उजव्या मागच्या चाकाला लावली.

"दाबा. धरा."

"धरलंय."

मी स्क्रू सैल केला. तिथून मला मामींचा चेहरा दिसत नव्हता, म्हणून असेल. मी म्हणाले, "मामी, ट्रॅकवर त्यांचा हात दुखत होता. घाम आला होता. मला तेव्हाच कळलं होतं काय आहे ते. तुम्हाला नाही म्हणाले ते खोटं होतं."

एक ट्रक घाटाकडं गेला. मग एक एसटी गेली. ऑइल नळीतून येऊन थांबलं. परत ओढलं गेलं नाही, म्हणजे पाय जागेवर होता.

"धरलंय म्या," मामी म्हणाल्या. "तू आदी त्यो स्क्रू बंद कर."

मी बंद केला. "सोडा."

पेडल वर आल्याचा आवाज झाला. मामी तिथूनच, समोर काचेकडं बघत असाव्यात, म्हणाल्या, "जेवान झालं की छाती चोळत बसायचे. महिनाभर. पित्त हाय म्हणायचे. म्या म्हणलं, भाचीला इचारा, ती मोबाईलात बघून सांगंल. तर म्हणले, तिला सांगू नको, ती काय बी वाचून घाबरती." मग पुढं म्हणाल्या, "तुला त्या दिशी इचारलं ना म्या, ते म्हनून इचारलं."

मामा, तुम्ही आम्हा दोघींना एकच वाक्य सांगितलंत. आणि आम्ही दोघींनी ते पाळलं. मला तुमचा राग येतोय, आणि तो कुठं नेऊन ठेवू ते कळत नाही. तुम्हाला आम्ही घाबरू नये असं वाटत होतं, तेही मला समजतं. ते समजून काही हलत नाही.

मामींनी नाक ओढलं. "आजून दोन ऱ्हायलीत न्हवं?"

"हो."

"मग चल."

पुढचं डावं झालं. पुढचं उजवं सगळ्यात शेवटी, ड्रायव्हरच्या दाराशीच. तिथून उघड्या दारातून मला मामींचा पाय दिसत होता. जोडवी, टाचेच्या भेगा, आणि पायाखाली ते पेडल. आता ते जरासं खाली जाऊन दगडासारखं थांबत होतं, हवेचा बुडबुडा नव्हता. तुम्ही असता तर "हां" म्हणाला असतात. मी स्क्रू आवळला आणि म्हणाले, "सोडा मामी."

त्यांनी ऐकलं नसेल म्हणून मोठ्यानं म्हणाले, "झालं. सोडा."

"धरलंय," मामी म्हणाल्या, आणि पाय तसाच ठेवून बसून राहिल्या.